नाइटिंगेल झाली ती प्रॉक्नी, फिलोमेला नव्हे

'जीभ छाटलेली फिलोमेला नाइटिंगेल हा गाणारा पक्षी होऊन गाऊ लागली', असं सध्या सगळीकडे फिरतंय. जुन्या ग्रीक कथेत उलट आहे. प्रॉक्नी आणि फिलोमेला अथेन्सच्या पँडिऑन राजाच्या लेकी. प्रॉक्नी थ्रेसच्या टेरियस राजाला दिलेली. त्याने मेहुणीवर बलात्कार करून तिची जीभ कापली. तिने कापडात विणून सगळं बहिणीला कळवलं. प्रॉक्नीने पोटचा इटिस मारला, शिजवला आणि बापाच्याच ताटात वाढला. पुढे देवांनी या बहिणींना पक्षी केलं, तेव्हा नाइटिंगेल झाली ती ही आई. त्या गाण्यात ग्रीकांना 'इटिस, इटिस' असा टाहो ऐकू येई. बिनजिभेची फिलोमेला मात्र नुसती चिवचिवणारी भिंगरी (स्वॅलो पक्षी) झाली, आणि मला हेच जास्त पटतं. अदलाबदल पुढे काही रोमन लेखकांनी केली. आणि हो, नाइटिंगेल म्हणजे आपला बुलबुल नव्हे.