एक ओवी आणि उरलेलं पुस्तक

इंग्लंडमधल्या स्विंडनला राहायला आलो तेव्हा कानावर पडली ती कोकणी. पोर्तुगीज पासपोर्टावर आलेले गोंयकार इथे भरपूर. शेजारच्या आंटींबरोबर एकदा चर्चमधल्या कोकणी मिसेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला गेलो. ‘आमच्या बापा, सर्गींच्या’ ही प्रार्थना, म्हणजे इंग्रजीतलं ‘आवर फादर’, सुरू झाली आणि मला अर्थ लावत बसावं लागलं नाही.

इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत बुश्टन नावाचं खेडं लागतं. थॉमस स्टीफन्स तिथला, जन्म १५४९च्या सुमारास. १५७९ मध्ये हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारक, गोव्यात उतरला, पुढची चाळीस वर्षं बहुतेक दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लिपी रोमन, भाषा मराठी.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. दोन्ही वेळा माझ्या व्हॉट्सॲपवर स्टीफन्सची ‘भासांमाजि चोखळा भासा मराठी’ ही ओवी आली. बघा, गोरासुद्धा म्हणतो! पुढची ओवी मात्र एकानेही पाठवली नाही. शांताराम बंडेलूंनी १९५६ सालीच हे पुराण देवनागरीत आणलंय, तेव्हा लिपीची सबब चालणार नाही.

मराठीला प्रशस्तिपत्र द्यावं म्हणून काही त्याने हे लिहिलं नव्हतं. ते धर्मशिक्षणाचं पुस्तक आहे, आणि त्यामागची हकीकत सुखाची नाही. सासष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती, जुन्या पुराणांवर बंदी होती. नवख्रिस्ती लोकांनी म्हटलं, आमची पुराणं घेतलीत, मग दुसरी तरी द्या. त्याने दिलं. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, ओवीची चाल ठेवली. हे कसब मला थक्क करतं आणि अस्वस्थही. ओवी पुढे ढकलणाऱ्यांना यातलं काहीच नको असतं.

त्याच्या स्वतःच्या देशात तेव्हा काय चाललं होतं? १५४९ मध्येच राजाने लॅटिन बंद करून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं डेव्हन-कॉर्नवॉल पेटलं. कॉर्नवॉलची भाषा वेगळी, कॉर्निश. कॉर्निश लोकांचं म्हणणं, आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी कळतच नाही. बंड चिरडलं, हजारो मेले. वेल्सला मात्र १५६७ मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक मिळालं, १५८८ मध्ये बायबल. कॉर्निशला यातलं काहीच मिळालं नाही. अठराव्या शतकाअखेर ती बोलण्यातून गेली. वेल्श आजही कित्येक घरांत बोलली जाते. कारणं आणखी असतील, पण हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. गोव्यातही १६८४ मध्ये तीन वर्षांत कोकणी सोडा, असा हुकूम निघाला होता. तरी त्या रविवारी आंटी, त्यांची सून आणि नातू ती कोकणी प्रार्थना एका सुरात म्हणत होते, पुस्तक न उघडता.

पहिलीत कुठली भाषा, यावर आपण घसा कोरडा करतो. पोराच्या तोंडी रोज घरी काय बसतं, त्यावर कुणी भांडत नाही. माझ्या मुलाला शाळेच्या प्रार्थनेमुळे ‘आवर फादर’ तोंडपाठ आहे. शुभंकरोतीचं विचारू नका.