ऑफिसचे मेल घरच्या जीमेलवर पाठवता? आधी हे वाचा

महिनाभर लिहू की नको चाललं होतं. आज लिहितेच, कारण काल आमच्या वाड्यातली एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, जिन्यात उभी राहून सांगत होती की ती रोज निघताना ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर टाकते. "रात्री जेवण झाल्यावर निवांत बघता येतात ना ताई." ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आयटी बघते. कंपनीचं नाव सांगत नाही. दीडेकशे माणसं, सर्व्हर, मेल, प्रिंटर, कुणाचा पासवर्ड अडकला, सगळं माझ्याच गळ्यात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी डायरेक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "बेन, काकाना मेलनो छेल्ला छ महिनानो रिपोर्ट काढी आपो ने." म्हणजे, काकांच्या मेलचा गेल्या सहा महिन्यांचा रिपोर्ट काढून द्या.

काका म्हणजे आमचे परचेसमधले. दांडिया बाजारचे, गणपतीत आरतीला हमखास भेटणारे. ऑफिसातली गुजराती मुलंही त्यांना काकाच म्हणायची. एकवीस वर्षं नोकरी झालेली.

असा रिपोर्ट काढायला पाच मिनिटं लागतात. पाठवणारा, घेणारा, तारीख, वेळ, विषय, मेलचा आकार. घेणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच पत्ता होता, काकांचा जीमेल. वेळ बहुतेक सहा वाजून पाच, सहा वाजून दहा. कंपनीची बस सव्वासहाची. म्हणजे कॉम्प्युटर बंद करण्याआधी ते रोज घाईघाईने उद्याचं काम स्वतःला पाठवत होते. प्रिंटरमधून पानं उचलली तेव्हा ती गरम होती. ती घेऊन मी केबिनपर्यंत गेले, ते वीस पावलांचं अंतर मला अजून आठवतं.

काकांना कंपनीने लॅपटॉप दिलेला नव्हता. टेबलावर डेस्कटॉप, आणि ऑफिसबाहेर मेल उघडायची सोय नाही. पण सप्लायर रात्री नऊला फोन करून रेट पक्का करा म्हणणार, आणि सकाळी साहेब विचारणार, काल का नाही केलं? काकूंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. काका हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलवर कोटेशनं तपासायचे. त्यांनी कुणाला काही विकलं नाही, कुठे काही दाखवलं नाही. पण त्या मेलांमध्ये एका ग्राहकाची ड्रॉइंग होती, त्या ग्राहकाशी गुप्ततेचा लेखी करार होता, आणि ऑडिटला आलेल्या त्यांच्या माणसाने नेमकं हेच विचारलं. आठ दिवसांत काकांकडून राजीनामा लिहून घेतला.

माझं मत ऐकून काही जण नाराज होतील. ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवायचे नाहीत, हा कंपनीचा नियम चुकीचा नव्हता. आजही मी तो नियम बरोबरच म्हणते.

मेल फॉरवर्ड करताना आपल्याला वाटतं, चार ओळी पाठवल्या. प्रत्यक्षात त्याखालची सगळी साखळी जाते, जोडलेल्या फायली जातात, त्या फायलींत आपल्याला न दिसणारंही जातं. अमेरिकेतल्या बोइंग कंपनीत हेच झालं. एका कर्मचाऱ्याला एक्सेलची मांडणी जमेना, म्हणून त्याने ती फाइल मदतीसाठी स्वतःच्या बायकोला मेल केली. फाइलमधल्या लपवलेल्या रकान्यांत ३६,००० सहकाऱ्यांची खासगी माहिती होती, सोशल सिक्युरिटी नंबरांसह (तिकडचा आपल्या आधारसारखा नंबर). २०१७ साली कंपनीला त्या सगळ्यांना कळवावं लागलं. त्या माणसाच्या मनात काय वाईट होतं? काहीच नाही. आपल्याकडेही घरचा जीमेल ज्या मोबाइलवर उघडा असतो, त्याच मोबाइलवर मुलं गेम खेळतात, आणि पासवर्ड तोच असतो जो वीजबिलाच्या ॲपला दिलेला असतो.

शिवाय आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि तो दंड कंपनीवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधली माहिती कॉपी करून नेणाऱ्याकडून भरपाई मागता येते, ती माणसाकडून. तेव्हा "मी तर कामासाठीच पाठवलं" हे उत्तर पुरत नाही.

पण नियम बरोबर असला तरी काकांवर अन्यायच झाला, असं मी म्हणते. का?

कारण तो नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. आमची पॉलिसी चौदा पानांची, इंग्रजीत. बँकेचा फॉर्म आणि पीएफचा फॉर्म यांच्यामध्ये ठेवून सही घेतलेली. काकांचं शिक्षण मराठी शाळेत, पुढे आयटीआय. ती पानं त्यांनी वाचली नसणार, आणि खरं सांगते, मीही आयटीत असून पूर्ण वाचली नव्हती. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराचे शब्द लोकांना आपल्या भाषेत मिळावेत म्हणून १९३१ साली आठ भाषांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' काढला, त्याच गावात आज माणसाची नोकरी घालवणारा नियम त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो. आणि रात्रीचं काम हवं असेल तर ते करायचं साधन कंपनीने द्यायला हवं. साधन द्यायचं नाही, काम मात्र मागायचं, आणि माणसाने स्वतःची वाट काढली की त्याच्यावर बोट ठेवायचं, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट नोकरी सोडणाऱ्यांची. शेवटच्या आठवड्यात लोक एकदम शेकडो मेल घरी पाठवतात. कशासाठी, तर सॅलरी स्लिपा, कौतुकाची पत्रं, रजेच्या मंजुऱ्या. नोटीस पिरियडमध्ये आयटीचं लक्ष सगळ्यात जास्त असतं, आणि रिपोर्टमध्ये तुमची सॅलरी स्लिप आणि ग्राहकांची यादी यांत फरक दिसत नाही, दिसतो तो फक्त आकडा. तुमची कागदं तुमची आहेत, ती एचआरकडून लेखी मागून घ्या, आणि शेवटच्या आठवड्यात नाही, दर महिन्याला. पीएफचं पासबुक यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, टाकून घरून निघतं. कापलेला टॅक्स इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतो. त्यासाठी ऑफिसच्या मेलला हात लावायची गरजच नाही.

बायकांसाठी एक वेगळं सांगायचंय. ऑफिसात कुणी त्रास देत असेल, घाणेरडे मेल पाठवत असेल, तर पहिली इच्छा होते की ते सगळं स्वतःकडे पाठवून ठेवावं. मी समजू शकते. पण मेल फॉरवर्ड करत बसण्याआधी तारीख, वेळ, विषय, कुणाकडून, हे घरच्या वहीत लिहून ठेवा आणि अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असायलाच हवी, आणि चौकशीत कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार तिला आहेत. ज्या लॉगमुळे, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलच्या नोंदीमुळे, काकांची नोकरी गेली, तोच लॉग तिथे तुमच्या बाजूने बोलू शकतो. समिती नसेल किंवा विश्वास नसेल तर आधी वकिलाला विचारा.

आणि ज्यांनी आधीच मेल पाठवलेत त्यांनी गुपचूप डिलीट करू नका. सेंटमधून काढलं तरी सर्व्हरवरची नोंद राहते, आणि पुसलेलं दिसलं की माणूस चोर वाटायला लागतो. आयटीला स्वतःहून जाऊन सांगा. माझ्याकडे असं कुणी आलं तर मी त्याच्या बाजूने उभी राहते.

काका गेल्यावर मी साहेबांच्या मागे लागले. सात महिने लागले. परचेस आणि सेल्सला लॅपटॉप मिळाले. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं आता सर्व्हरवरच बंद आहे. आणि पॉलिसीतलं जेवढं रोज लागतं तेवढं अर्ध्या पानात, गुजरातीत आणि मराठीत लिहून काढलं. नवीन माणसाला मी स्वतः समोर बसून वाचून दाखवते. गेल्या वर्षी काकांना जुना फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, हवा होता. एचआरने तो त्यांच्या त्याच जीमेलवर पाठवला, रीतसर, साहेबांच्या परवानगीने. पत्ता टाइप करून द्यायला मला बोलावलं होतं. तो मला पाठ होता.

जिन्यातल्या मुलीला मी काल रात्री आमच्याकडे बोलावून ते अर्धं पान दिलं. आज ती तिच्या मॅनेजरकडे लॅपटॉप मागणार आहे. तुमच्यापैकी कुणाला आपल्या ऑफिससाठी तो मजकूर हवा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, पाठवते.