पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा गावातल्या शेतीवर आता भागत नाही म्हणून आपण पुण्यात यायचे ठरवले असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. या शहराला आपली नितांत गरज आहे. हिंजवडीतल्या कंपन्यांना आपण हवे आहात, कर्वेनगरातल्या खानावळींना हवे आहात, आणि विद्यापीठ चौकातल्या कोंडीला तर आपल्यावाचून पूर्णत्वच नाही. आपण राहायला जागा मागू नये, एवढीच काय ती शहराची माफक अपेक्षा आहे. तरीही ती मागण्याचा आपला हट्ट कायम असेल, तर पुढील सूचना मन लावून वाचाव्यात.

सर्वप्रथम कायदा वाचण्याचा मोह टाळावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे घराचा करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. मालकाने त्यात कसूर केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही माहिती डोक्यात ठेवून आपण घर बघायला गेलात, तर ती चेहऱ्यावर दिसते, आणि चेहऱ्यावर कायदा दिसणाऱ्या माणसाला या शहरात कोणी घर दाखवत नाही.

जाहिराती मात्र अवश्य वाचाव्यात, कारण शहराचे इतके प्रसन्न दर्शन आपल्याला पुन्हा घडणार नाही. ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे पंखे, ट्यूबलाइट आणि आधीच्या भाडेकरूला जिन्यातून खाली नेता न आलेला दिवाण. ‘24 तास पाणी’ म्हणजे गच्चीवर टाकी आहे. तिच्यात टँकर ओतला जातो की बोअर, याचे उत्तर आपले केस दोन महिन्यांत देतील. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले आणि जाहिरातींत ती बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच धावू लागली. तेव्हापासून त्या बाजूच्या कित्येक घरांचे भाडे तिकिटासह आकारले जात आहे.

आता एजंटला फोन करावा. आपण घराविषयी प्रश्न विचारू, अशी आपली समजूत असेल तर ती घरीच ठेवून यावी. प्रश्न तो विचारतो, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. ‘फॅमिली की बॅचलर?’ हा पहिला. इथे आपले वय, पगार आणि स्वभाव गौण आहेत. पस्तिशीची, एकटी राहणारी, प्राध्यापकीची कायम नोकरी असलेली स्त्री ही बॅचलर असते, आणि रोज रात्री भांड्यांची आदळआपट करून अख्खा मजला जागा ठेवणारे दांपत्य ही फॅमिली असते. घटस्फोटितांनी आपण नेमके कशात मोडतो, असे विचारून एजंटला पेचात टाकू नये. घर बघण्यापूर्वी लग्न उरकून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण बॅचलर म्हणून वर्षभर जे जास्तीचे भाडे भरावे लागते त्यात वैदिक पद्धतीचे साधे कार्य होऊन जाते.

दुसरा प्रश्न ‘व्हेज की नॉनव्हेज?’ असा असतो. याचे उत्तर देताना जिभेला आठवणी येऊ देऊ नयेत. ‘अंडीसुद्धा नाही’ असे आपणहून सांगितल्यास मालकांवर चांगला ठसा उमटतो. मालक स्वतः रविवारी कुठे जेवतात, ही चौकशी मात्र सभ्यपणाची नव्हे.

तिसऱ्या प्रश्नाला खरे महत्त्व आहे. एजंट म्हणतो, ‘पूर्ण नाव सांगा.’ आपण सांगता. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग तो अतिशय हळहळून म्हणतो, ‘साहेब, त्या फ्लॅटचं टोकन काल रात्रीच गेलं, मलाही आत्ताच कळलं.’ काल रात्रीचे टोकन आपले आडनाव ऐकल्यावरच आठवावे, हा निव्वळ योगायोग समजावा. यात जातीचा किंवा धर्माचा काही संबंध असेल, असा विचार मनातही आणू नये. त्याच फ्लॅटची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसली, तरी आणू नये. पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, आणि माहेरघर भाड्याने देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

समजा, नावाने आपल्याला दगा दिला नाही आणि घरही पसंत पडले, म्हणजे मालकांना आपण पसंत पडलात. पुढची पायरी सोसायटीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, देण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवले की पुरते. म्हणूनच तर सोसायट्या परवानगी न म्हणता ‘ना हरकत’ म्हणतात. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून संस्थेने घ्यायचे बिनभोगवटा, म्हणजे स्वतः तिथे न राहण्याचे, शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा शासनाचा आदेश 2001 पासून आहे. त्यामुळे बिचाऱ्या समित्यांना सामान चढवण्याचे शुल्क, लिफ्ट वापरण्याचे शुल्क आणि गेटवरच्या स्टिकरचे शुल्क अशी नवनवीन नावे शोधावी लागतात, आणि ती सगळी आपण भरायची असतात. चेअरमन आपल्याला भेटायला बोलावतील. जाताना फुलशर्ट घालावा, गच्चीवर जाण्याची आपल्याला कधीच इच्छा होत नाही असे सुचवावे आणि त्यांनी पार्किंगच्या वादाचा 2009 पासूनचा इतिहास सांगायला घेतला की घड्याळाकडे पाहू नये.

यानंतर करार. तो 11 महिन्यांचा असतो. का, असे विचारणारा मनुष्य परका म्हणून लगेच ओळखू येतो, तेव्हा विचारू नये. पण कुतूहल शमत नसेल म्हणून सांगतो. 1908 च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायची तर वर्षातून एक महिना कमी करावा, ही युक्ती देशभर रुळली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने प्रत्येकच कराराची नोंदणी सक्तीची केली, म्हणजे युक्तीचा उपयोग संपला; युक्ती मात्र तशीच राहिली, आणि दर 11 महिन्यांनी नवा करार, नवी दलाली आणि 10 टक्के वाढ असे तिला नवे उपयोग सापडले. बरे, या करारात आपण भाडेकरूही नसता. आपण ‘लायसन्सी’ असता, म्हणजे मालकांनी आत येऊ दिलेले गृहस्थ. यामागे जुने दुखणे आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, तेव्हा पेठांतल्या वाड्यांचे भाडेकरू आठ-दहा रुपयांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि मालक कौले दुरुस्त न करता त्यांच्या जाण्याची वाट पाहत बसले. त्या वाड्यात आपल्या आजोबांनी पाय ठेवला नसला, तरी त्या आठ रुपयांचा हिशेब आपण वाकडमध्ये चुकता करायचा आहे, हे न्यायाला धरूनच आहे.

कराराच्या खर्चाचे गणित चुकूनही स्वतः मांडू नये. भाडे 20,000 रुपये आणि डिपॉझिट एक लाख असेल, तर 11 महिन्यांचे भाडे 2,20,000 रुपये होते. त्यात डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे 600 रुपयेसुद्धा भरत नाहीत. शहरात नोंदणी फी 1000 रुपये. एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठा टेकवायचे यंत्र घेऊन घरी येतो आणि सगळे मिळून आपल्याकडून जे घेतो, ते या आकड्यांशी ताडून पाहणे हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणेही मालकाच्याच नावावर असलेले काम आहे आणि ते ऑनलाइन होते. ते आपल्या पैशांनी होते, हे ओघानेच आले.

एखादे मालक ‘नोंदणी कशाला, आपण विश्वासाची माणसं’ असे म्हणतील. अशा वेळी गहिवरून होकार द्यावा. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाईल, असे तेच कलम 55 सांगते, पण ते म्हणणे मांडायला न्यायालयात जावे लागते, आणि तिथे पहिली तारीख पडेपर्यंत आपण बहुधा चौथ्या घरात असाल. विश्वासाच्या याच माणसांकडे पॅन क्रमांक मागितल्यास विश्वासाला तडा जातो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेताना वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असेल तर मालकांचा पॅन द्यावा लागतो, ही आपली खासगी अडचण आहे. मालकांच्या उत्पन्नाचा आयकर खात्याशी परिचय करून देण्याची जबाबदारी आपण का घ्यावी?

राहता राहिले डिपॉझिट. ते परत मिळणारे पैसे आहेत, असे करारात लिहिलेले असते. घर सोडताना मालक सर्वप्रथम भिंतींकडे पाहतात. आपण येण्यापूर्वीचे खिळ्याचे भोक आपल्याच नावावर जमा होते, गिझर ‘तुम्ही आलात तेव्हा चालू होता’, आणि रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे वजा होते. तो रंग प्रत्यक्षात कधी लागतो, हे पाहायला आपण तिथे नसता.

त्याआधी एक शेवटचे कर्तव्य उरते. आपण नोटीस दिल्यावर दहाव्या महिन्यात एजंट नवे गिऱ्हाईक घेऊन येईल, अगदी आपल्या जेवणाच्या वेळी. नांदेडहून किंवा जळगावहून आलेला तो मुलगा आपल्याला बाजूला घेऊन हळूच विचारील, ‘दादा, खरं सांगा, पाण्याचं कसं आहे?’ त्या वेळी बाथरूममध्ये टँकरच्या पाण्याने भरून ठेवलेल्या बादल्या त्याला दिसणार नाहीत अशा बेताने दारात उभे राहावे आणि मालक ऐकत आहेत याची खात्री करून मोठ्याने सांगावे, ‘पाण्याचा काही म्हणजे काहीच त्रास नाही.’ आपले एक लाख रुपये अजून त्यांच्याकडे आहेत.