‘सपोझिटरी पाच मिनिटांत लागू पडते’ म्हणे!

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या सपोझिटरीबद्दल, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायच्या औषधाच्या वडीबद्दल, एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘ताप असो की दुखणं, गोळी-सिरप नको, सपोझिटरी लावा. औषध थेट रक्तात जातं, पाच मिनिटांत काम करतं, लिव्हर आणि पोट दोन्ही वाचतात. वितळली तर फ्रिजमध्ये घट्ट करून वापरा.’ औषधाच्या काउंटरवर बसणाऱ्याला यातलं एकही वाक्य तसंच सोडवत नाही.

आधी पाच मिनिटं. पॅरासिटामॉलची सपोझिटरी बहुधा चरबीसारख्या बेसमध्ये, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या पदार्थात, असते. ती आत गेल्यावर वितळते, पण वितळली म्हणजे शोषली गेली असं नाही. औषधाचे कण बेसमधून सुटून तिथल्या ओलाव्यात विरघळायला हवेत, आणि तो ओलावा जेमतेम 1 ते 3 मिलिलिटर. 1 ग्रॅम पॅरासिटामॉल विरघळायला साध्या तापमानाला सुमारे 70 मिलिलिटर पाणी लागतं. शरीराच्या उष्णतेत थोडं कमी लागेल. तरी 250 मिलिग्रॅमची सपोझिटरी एवढ्याशा ओलाव्यात एका दमात विरघळणार कशी? थोडं विरघळतं, शोषलं जातं, मग पुढचं. म्हणून रक्तातली पातळी शिखराला पोचायला सहसा 2 ते 3 तास जातात. सिरप रिकाम्या पोटी साधारण अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोचतं. त्यात पोराला मध्येच शी झाली, तर किती औषध आत राहिलं ते देव जाणे.

पण सगळ्या सपोझिटऱ्या संथ असतात असंही नाही. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाची सपोझिटरी सुमारे तासाभरात शिखर गाठते, आणि त्याचीच आवरणाची गोळी मागे पडते, कारण ती पोटातून पुढे आतड्यात सरकेपर्यंत उघडतच नाही. गुदद्वारातून दिलेलं द्रवरूप औषध आणखी वेगळं: ते आधीच विरघळलेलं असतं, वितळण्याची पायरीच नाही. झटके आलेल्या मुलाला डायझेपाम या मार्गाने देतात तेही द्रवरूपात, ते याचसाठी. तेव्हा ‘कोणतं औषध आणि कशात घातलेलं’ हे विचारल्याशिवाय वेगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

लिव्हर वाचतं, हे अर्धवट. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या शिरा रक्त लिव्हरला वळसा घालून नेतात, वरच्या शिरा मात्र थेट लिव्हरकडेच. आणि सपोझिटरी वर सरकते. शिवाय पॅरासिटामॉल शेवटी मोडलं जातं ते लिव्हरमध्येच. खरा धोका वेगळाच आहे: ‘ही लिव्हरला लागत नाही’ म्हणून सिरपही द्यायचं आणि वर सपोझिटरीही. दोन्हींचा डोस एकाच हिशेबात धरायचा असतो.

पोटाचंही तसंच. डायक्लोफेनॅकमुळे अल्सर होतो तो नुसता गोळी पोटाला टेकल्याने नव्हे. रक्तातून पोचलेलं औषधही पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करतं. अल्सरवाल्या आजोबांना ‘खालून दिलंय, काही होत नाही’ म्हणणं चुकीचंच.

राहिला फ्रिज. मे महिन्यात दवाबाजारातून रामबागेपर्यंत स्कूटरच्या डिक्कीत आणलेली सपोझिटरी सहज वितळते, कारण ती अंगाच्या उष्णतेत वितळावी म्हणूनच बनवलेली असते. वितळल्यावर औषधाचे कण खाली बसतात. पुन्हा गोठवली की औषध एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी. अशी अर्धी कापून बाळाला लावायची, म्हणजे डोस नेमका किती गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. ती टाकून द्या, आणि नवी आणताना पिशवीत बर्फाचा पॅक ठेवा.