कोरफड फुलली म्हणून उपटू नका

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘कोरफडीला फूल येणे म्हणजे झाडाचे आयुष्य संपले. असे झाड घरात ठेवल्यास संकट येते. दांडा दिसताच झाड मुळासकट काढा, त्याचा गर विषारी झालेला असतो. कोरफड उन्हात ठेवू नका, झोपण्याच्या खोलीत ठेवा, ती रात्रभर ऑक्सिजन देते. जोमाने वाढण्यासाठी रोज साखरपाणी घाला.’

हा मेसेज वाचून लोक खरोखरच झाडं उपटतात. शहापुरात आमच्या शेजारच्या सुनेनं विचारलं, “काकू, कोरफडीला तुरा आलाय, काढून टाकू काय?” झाड कसं होतं म्हणाल, तर टपोरी पानं, कुंडीभर पिल्लं आणि मधोमध हातभर दांडा. इतकं निरोगी झाड मी गल्लीत दुसरं पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं म्हणून ते वाचलं. न विचारता टाकलेली किती असतील, कोण जाणे.

आधी ते आयुष्य संपण्याचं बघू. ही समजूत आली कुठून, ते मला कळू शकतं. आपल्याकडे शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला घायपात असतो. काहीजण त्याला केकताड म्हणतात. जाड, टोकाला काटा असलेली पानं आणि तसाच गोल पुंजका, त्यामुळे लांबून कोरफडीचा थोरला भाऊच वाटतो. घायपात वर्षानुवर्षं नुसता पानांवर असतो, बहुधा १० ते ३० वर्षं. मग एकदाच वीस-पंचवीस फुटांचा खांब उभा करतो, फुलतो आणि वाळून जातो. त्याचा खांब थेट शेंड्यातून निघतो, म्हणजे वाढीचा कोंबच फुलात खर्ची पडतो. मेसेजमध्ये लिहिलंय ते या घायपाताचं. तो मूळचा मेक्सिकोकडचा, कोरफड अरबस्तानातली. दोघांचं कूळही जवळचं नाही.

कोरफडीचा दांडा पानांच्या बेचक्यातून निघतो, फार तर दोन-तीन फूट वाढतो, आणि मधला पुंजका पुढेही नवी पानं काढत राहतो. झाड तीन-चार वर्षांचं झालं, त्याला ऊन आणि थंडी नीट मिळाली, की ते वर्षाआड नाही तर दरवर्षीसुद्धा फुलतं. घरात फुललेली कोरफड असेल तर जवळ जाऊन बघा. वरच्या कळ्या आभाळाकडे तोंड करून असतात, उमलतील तशा खाली झुकतात. फुलं पिवळी, इंचभर लांब, नळीसारखी, टोकाशी हिरवट. उमलणं खालून वर चढत जातं, त्यामुळे दांड्याच्या तळाची फुलं सुकतात तेव्हा शेंडा अजून मिटलेला असतो. नळीच्या तळाशी मध असतो आणि त्यासाठी शिंजीर येतो. तो इवलासा पक्षी दांड्याला लटकून बाकदार चोच आत घालतो. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतही येतो, फक्त दांडा जागेवर राहू द्यायला हवा.

संकटाबद्दल फार लिहित नाही. नजर लागू नये म्हणून आपण हीच कोरफड दारावर उलटी टांगतो. पानांत साठवलेल्या पाण्यावर ती कित्येक महिने तग धरते, हळूहळू बारीक होत जाते. जिला घराची राखण करायला दारात लावली, ती कुंडीत फुलली की घरावर उलटते, यात कसलाच मेळ नाही.

गर विषारी होण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात थोडं खरं चुकीच्या जागी बसलंय. फुलल्यामुळे गर विषारी होत नाही. दांडा उभा करायला झाडाची ताकद लागते, म्हणून त्या दिवसांत पानं जरा पातळ वाटतील, एवढंच. सांभाळून राहायचं असतं ते सालीलगतच्या पिवळ्या, कडू चिकापासून. हाच चीक वाळवून काळाबोळ होतो. तो कडक रेचक आहे. गरोदर बाईनं तर तो पोटात घेऊच नये. आणि हा चीक बाराही महिने पानात असतो, फूल असो वा नसो. पान कापल्यावर ते तिरकं उभं ठेवून पिवळं पाणी निथळू द्यायचं, धुवायचं, मग साल काढायची. मेसेजमध्ये सांगायचं तर हे सांगायला हवं होतं.

आता ऑक्सिजन. कोरफड कोरड्या मुलखातली, म्हणून पाणी वाचवायला तिची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा रंध्रं मिटून उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याच्या रेणूतून, आणि त्याला प्रकाशच लागतो. दिवा मालवलेल्या खोलीत कोरफड ऑक्सिजन तयार करू शकत नाही. हवा शुद्ध करण्याचा दावा येतो तो नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून. ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. पुढे २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकी-दारांतून आपोआप होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. एका कुंडीकडून काय होणार? उलट झोपायच्या खोलीतल्या कोरफडीची पानं लांबुडकी, फिकी होऊन आडवी पडतात, आणि फूल तर विसराच.

फूल हवं असेल तर पहिली गरज उन्हाची, रोज निदान पाच-सहा तास. घरातली कुंडी एकदम गच्चीवर नेऊ नका, पानं भाजून तांबूस होतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उन्हाला सरावू द्या. दुसरी गरज थंडीची, आणि ती बेळगावात आयती आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. त्या दिवसांत पाणी अगदी कमी करा, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. दांडे निघतात ते याच सुमाराला, पुढे मार्चपर्यंत.

साखरपाण्यानं मुंग्या आणि बुरशी येते, रोजच्या पाण्यानं मुळं कुजतात. युरिया घातला तर नुसती पानंच वाढतात. तांबडी माती, जाड वाळू आणि थोडं जुनं शेणखत एवढं पुरे. कुंडीच्या भोकावर फुटक्या मंगळुरी कौलाचा तुकडा ठेवा. कुंडी फार मोठी नको, मुळं जरा दाटलेलीच बरी. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथं कोरफड बाराही महिने उघड्यावर राहते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी मात्र जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली घ्यावी. तिकडे झाड फुलामुळे मरत नाही, पावसात मुळं सडून मरतं.

फुलं गळून दांडा तपकिरी, पोकळ झाला की तो हलक्या हातानं ओढा, बहुधा सहज निघतो. बियांची वाट पाहू नका, घरच्या कोरफडीला त्या सहसा धरत नाहीत. बाजूची पिल्लं सोडवून तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा आणि पहिला आठवडाभर पाणी घालू नका.