‘फक्त शिकलेल्यांना मत द्या’ या मेसेजला उत्तर

निवडणूक आली की एक मेसेज फिरू लागतो: मताचा हक्क फक्त पदवीधरांना आणि कर भरणाऱ्यांना द्या, आणि जो मत देणार नाही त्याचं रेशन, अनुदान बंद करा. पाठवणारे बहुतेक जण हे मनापासून पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘शिकलेला माणूस विचार करून मत देतो.’ हा प्रयोग आपल्याकडे चालूच आहे. विधान परिषदेच्या 7 जागा फक्त पदवीधर निवडतात. 2023 मध्ये अमरावती आणि नाशिक पदवीधर मतदारसंघांत मतदान निम्म्याच्या आसपासच राहिलं. या निवडणुकीत पसंतीक्रम आकड्यात लिहायचा असतो, एवढंच. तरीही कुणी टिक करतं, कुणी सही ठोकतं, कुणी दोन नावांपुढे 1 लिहितं, आणि हजारो मतं बाद होतात. उलट 1951-52 साली देशात साक्षरता जेमतेम 18 टक्के होती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी होती आणि अक्षर न येणाऱ्या कोट्यवधी लोकांनी त्यातून सरकार निवडलं. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला, हा समज चुकीचा आहे, असं बाबासाहेबांनी सायमन कमिशनच्या काळातच ठणकावून मांडलं होतं.

‘कर भरणाऱ्यांनाच मत.’ मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी शेतमजूरही भरतो. मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मत देण्याची पद्धत इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात होती. तिने बहुतेक बायका आणि भूमिहीन बाहेर ठेवले. ती पुन्हा कशाला हवी?

‘मत न देणाऱ्याला शिक्षा करा.’ गुजरातने 2009 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी असा कायदा मंजूर केला, पुढे 100 रुपये दंड ठरवला. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियात 1924 पासून सक्ती आहे हे खरं, पण तिथे मतदान शनिवारी असतं, आधी किंवा टपालानेही मत देता येतं.

आणि शिक्षा नेमकी कुणाला? 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72 टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत 50 च्या आसपास. रेशन बंद केल्याने दक्षिण मुंबईतल्या फ्लॅटवाल्याचं काही बिघडणार नाही. बिघडेल बीडच्या ऊसतोड जोडप्याचं. 2024 ला गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू आणि विधानसभेचं मतदान 20 ला. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, ट्रॅक्टर भरून टोळी कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेली, राहायची कोपी म्हणजे झोपडी उसाच्या फडाशेजारी आणि यादीत नाव मात्र गावात. मतासाठी परत यायचं तर येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? सैनिकाला टपाली मत आहे, यांना नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे आणलं होतं. आक्षेप आले आणि विषय तिथेच थांबला. मेसेज पाठवायचाच असेल तर त्या यंत्राचं पुढे काय झालं, हे विचारणारा पाठवा.