रोम्युलस ते रोम्युलस: नामसाधर्म्यावरील एका संदेशाचा प्रतिवाद

‘इतिहासात एकच नाव पुन्हा येते, तेव्हा एकच नशीब पुन्हा येत असते’ असे सांगणारा एक लांबलचक संदेश मोबाइलवरून फिरत असतो. त्यातील मुद्दे चार आहेत. रोमची सुरुवात रोम्युलसने झाली आणि शेवटही रोम्युलसनेच झाला. कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) वसवणारा कॉन्स्टंटाइन आणि ते गमावणाराही कॉन्स्टंटाइन, शिवाय दोघांच्याही आईचे नाव हेलेना, हा पहिला मुद्दा. लिंकन आणि केनेडी या हत्या झालेल्या दोन्ही अमेरिकी अध्यक्षांच्या जागी ‘जॉन्सन’च आले, हा दुसरा. एका नावाच्या थोर व्यक्ती मुळात एकाच रक्ताच्या असतात, हा तिसरा. आणि राजांच्या नावांना जोडलेले क्रमांक म्हणजे या अखंड साखळीची नोंदच होय, हा चौथा. यातील बरीचशी माहिती खरी आहे आणि म्हणूनच तिच्यावरून काढलेला निष्कर्ष कोणी तपासून पाहत नाही.

रोमपासून सुरुवात करू. पहिला रोम्युलस हा दंतकथेतला राजा आहे. परंपरेने त्याने नगर वसवल्याचे वर्ष इ. स. पू. ७५३ मानले जाते. इ. स. ४७६ मध्ये पदच्युत झालेला रोम्युलस हा सम्राट होता, आणि सम्राटांची परंपरा सुरू केली ती ऑगस्टसने. म्हणजे आरंभ राजेशाहीचा घ्यायचा, शेवट साम्राज्याचा घ्यायचा आणि मधली सुमारे पाचशे वर्षांची प्रजासत्ताक राजवट गाळून टाकायची, असा हा हिशेब आहे. या पोरवयाच्या सम्राटाचे नाव रोम्युलस का होते, याचे उत्तरही साधे आहे: त्याच्या आईच्या वडिलांचे नाव रोम्युलस होते. शिवाय तो खरोखर शेवटचा होता का, हादेखील प्रश्नच आहे. त्याच्या वडिलांनी ज्याला हुसकावून लावले, तो ज्युलियस नेपोस इ. स. ४८० मध्ये मारला जाईपर्यंत एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियात होता आणि पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या लेखी पश्चिम रोमन साम्राज्याचा कायदेशीर सम्राट तोच होता. नेपोसला शेवटचा मानले, की वर्तुळ तुटते.

कॉन्स्टंटाइनची जोडी याहून पक्की आहे, हे मान्य केले पाहिजे. इ. स. ३३० मध्ये नव्या राजधानीची प्रतिष्ठापना करणाऱ्या सम्राटाची आई हेलेना होती आणि १४५३ मध्ये त्याच नगराच्या तटावर लढताना पडलेल्या अकराव्या कॉन्स्टंटाइनची आईही हेलेनाच होती. मात्र ‘अकरावा’ या शब्दातच निम्मे उत्तर आहे, कारण जे नाव एका सिंहासनावर इतक्यांदा आले, ते शेवटच्या सम्राटाच्या वाट्याला येण्यात अघटित असे फारसे काही उरत नाही. उरलेले निम्मे उत्तर धर्माचरणात सापडते. पूर्वेकडील ख्रिस्ती पंथात पहिला कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई हेलेना हे दोघेही संत मानले जातात आणि त्यांचा सण एकाच दिवशी, २१ मे रोजी असतो. त्यामुळे ही दोन्ही नावे त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आली. त्यातही अकरावा कॉन्स्टंटाइन हा काही गादीचा पहिला वारस नव्हता. त्याचा थोरला भाऊ, सम्राट आठवा जॉन, १४४८ मध्ये निपुत्रिक मरण पावला आणि दुसरा एक वडील भाऊ थिओडोर त्याच वर्षी काही महिने आधीच वारला होता, म्हणून मुकुट त्याच्याकडे आला. जॉन आणखी पाच वर्षे जगता, तर नगर जॉनच्या हातून गेले असते आणि संदेशातले हे वाक्य कोणी लिहिलेच नसते.

लिंकन आणि केनेडींच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ज्या दोघांची जोडी जमवली आहे, त्यांची स्वतःची नावेच मुळात वेगळी आहेत! साम्य आहे ते उत्तराधिकाऱ्यांच्या आडनावात, आणि जॉन्सन हे अमेरिकेतील सर्वाधिक प्रचलित आडनावांपैकी एक आहे. हत्या झालेले अध्यक्ष चार आहेत. १८८१ मध्ये गारफिल्ड यांच्या जागी आर्थर आले आणि १९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या जागी थिओडोर रूझवेल्ट आले. या दोघांविषयी संदेश गप्प आहे. लिंकन यांच्या चिटणिसाचे नाव केनेडी होते असेही काही आवृत्त्यांत लिहिलेले असते. लिंकन यांचे चिटणीस होते जॉन निकोले आणि जॉन हेय. केनेडी यांच्या चिटणीस एव्हलिन लिंकन होत्या, एवढाच त्यातला खरा भाग.

सारखे नाव आणि सारखे नशीब हे समीकरण पडताळायचे असेल, तर जिथे नाव मुद्दाम दिले गेले अशी उदाहरणे घ्यावीत. पहिला बाजीराव आणि दुसरा बाजीराव हे आजोबा आणि नातू. आजोबांनी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडले. नातवाने १८१८ मध्ये इंग्रजांपुढे शरणागती पत्करली, वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन स्वीकारले आणि १८५१ मध्ये बिठूरला देह ठेवला. येथे नाव तेच आहे, घराणे तेच आहे आणि पदही तेच आहे, तरी नशिबाने नावाची ओळख ठेवली नाही.

आता रक्ताचा मुद्दा. चंद्रगुप्त मौर्य आणि गुप्त घराण्यातील पहिला चंद्रगुप्त यांच्यात सहाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि घराणी सर्वस्वी भिन्न आहेत. याहून बोलके उदाहरण म्हणजे जिथे नाव जन्माने मिळालेलेच नाही. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांची अनेकदा गल्लत होते. पण राजर्षी शाहू जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव होते आणि शाहू हे नाव त्यांना १८८४ मध्ये दत्तकविधानाने मिळाले. ऑगस्टसचेही तेच. जन्मनाव गायस ऑक्टेव्हियस, इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने तो दत्तक ठरला आणि पणजोबा नव्हे, आजोबाही नव्हे, आपल्या आजीच्या भावाचे नाव लावून त्याने फौजा आपल्याकडे वळवल्या. नाव हे वारसाहक्काचे साधन होते आणि त्याचा वापर जाणूनबुजून केला जात असे.

क्रमांकांविषयी तर हसू येते. स्वीडनचा राजा नववा कार्ल १६०४ मध्ये अधिकृतपणे राजा झाला, तेव्हा त्याच्या आधी कार्ल नावाचे आठ राजे झालेच नव्हते. योहानेस माग्नुस या आर्चबिशपने लिहिलेल्या इतिहासात कल्पित राजांची भरती होती आणि कार्लने आपला क्रमांक त्यावरून लावला. पहिले सहा कार्ल केवळ कागदावरचे आहेत, तरी स्वीडनच्या विद्यमान राजाला सोळावा कार्ल गुस्ताफ असेच म्हणतात. पोपच्या यादीत मोजणीच्या घोळामुळे विसावा जॉन नाहीच, आणि तेविसावा जॉन दोनदा आढळतो: एक १४१५ मध्ये पदच्युत झालेला, ज्याला चर्च पोप मानत नाही, आणि दुसरा १९५८ मध्ये निवडलेला. इंग्लंडमध्ये पहिला एडवर्ड होण्यापूर्वी तीन एडवर्ड राज्य करून गेले होते; क्रमांक मात्र १०६६ नंतरच्या राजांपासून धरले गेले.

नामसाधर्म्याचा खरा परिणाम गोंधळ हाच होय, आणि कधीकधी तो जिवावर बेतला आहे. सीझरच्या अंत्यविधीनंतर खवळलेल्या जमावाला सीझरविरुद्ध भाषण केलेला कॉर्नेलियस सिन्ना हवा होता. हाती लागला हेल्व्हियस सिन्ना नावाचा कवी, जो सीझरचा मित्र होता. जमावाने त्याला ठार करून त्याचे शिर भाल्यावर मिरवले. टॉलेमी या ज्योतिर्विदाला इजिप्तच्या टॉलेमी राजांपैकी एक समजून चित्रकार त्याला मुकुट घालत आले. राफाएलनेही व्हॅटिकनमधील भित्तिचित्रात तेच केले. भूमितीकार युक्लिड आणि सॉक्रेटिसचा शिष्य असलेला मेगाराचा युक्लिड हे एकच, असे समजून १५०५ मधील लॅटिन भाषांतर छापले गेले. याच्या अगदी उलट अल्‌-बिरूनीने एकाच आर्यभटाचे दोन आर्यभट केले आणि तो गुंता १९२६ मध्ये विभूतिभूषण दत्त यांनी सोडवला.

संदेशकर्त्याच्या बाजूचे एक उत्तम उदाहरण त्याच्याकडून सुटले आहे, ते मीच देतो. विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक एकाच काळात होते, एक अमेरिकी (१८७१–१९४७) आणि दुसरे ब्रिटिश (१८७४–१९६५). दोघांनीही राजकारण केले आणि दोघेही चित्रे काढत. अमेरिकी चर्चिल यांना दोनदा प्रयत्न करूनही न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नरपद मिळाले नाही. ब्रिटिश चर्चिल १९४० मध्ये पंतप्रधान झाले. १८९९ मध्ये मात्र अमेरिकी कादंबरीकारच अधिक प्रसिद्ध होते, म्हणून त्या वर्षी धाकट्या चर्चिलनी त्यांना पत्र लिहून आपण यापुढे लेखनावर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करू, असे कळवले. त्यांच्या पुस्तकांवर नावामध्ये जो ‘एस.’ दिसतो, तो त्या पत्रामुळे.